वाडा खासगी, पायऱ्या सर्वांच्या

काशीवर मराठ्यांचे राज्य कधीच नव्हते. अठराव्या शतकात ती अवधच्या नवाबाच्या अमलाखाली होती आणि १७७५ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. ती आपल्याकडे यावी म्हणून पेशव्यांनी केलेली खटपट फळाला आली नाही. तरीही अस्सी घाटापासून आदिकेशव घाटापर्यंतच्या गंगाकाठाला आज जे दगडी रूप आहे, त्यातला मोठा वाटा मराठी पैशाचा आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळात सदाशिव नाईक यांनी मणिकर्णिकेचे काम हाती घेतले. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावावर ब्रह्मघाट व दुर्गाघाट आहेत. दशाश्वमेधाशी नानासाहेब पेशवे आणि अहिल्याबाई होळकर यांची नावे जोडलेली आहेत, तर नागपूरकर भोसले, अमृतराव पेशवे आणि बायजाबाई शिंदे हे पुढच्या पिढ्यांतले बांधणारे. या यादीचा आपण अभिमान बाळगतो, क्वचित धर्मकार्य म्हणून तिला हातही जोडतो. पण तिच्यात दडलेला नागरी धडा मात्र नजरेआड राहतो. तो असा की, खासगी पैशाने बांधलेला हा नदीकाठ खासगी झाला नाही.

याचे पहिले कारण नदीच्या स्वभावात आहे. येथे गंगा उत्तरेकडे वळते; तिचा पश्चिम काठ उंच आणि उभा, तर पूर्व काठ सखल व वाळूचा. पावसाळ्यात पाणी किती चढते याची कल्पना आकड्यांवरून येईल. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरली जाते आणि १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरवर पोचले होते. ओसरल्यावर मागे उरतो तो गाळ. पायऱ्या नसत्या, तर या उतरणीवरून पाण्यापर्यंत फक्त धडधाकट माणसेच जाऊ शकली असती. शिवाय पाण्याची रेघ वर्षभर वर-खाली होत असल्याने काठ इथेच आहे असे म्हणून कुंपण घालण्याची सोय नव्हती. बांधणाऱ्यांनी ही अडचण ओळखून वास्तूची विभागणी केली. खाली पुराच्या टप्प्यात भक्कम, जवळजवळ बंद जोत्याच्या भिंती आणि पायऱ्या. राहते मजले, सज्जे, गवाक्षे सारी त्यांच्या वर. भोसलेघाटावर किंवा मुनशीघाटावर नजर टाकली की ही वाटणी स्पष्ट दिसते. वरचे घराण्याचे, खालचे येणाऱ्या-जाणाऱ्याचे.

दुसरे कारण हक्काच्या कल्पनेत आहे. विहीर, तळे, देऊळ अशा कामांना धर्मशास्त्र पूर्त म्हणते, आणि ती लोकांसाठी सोडून देण्याच्या विधीला उत्सर्ग. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याची चर्चा केली आहे. दान एका व्यक्तीला दिले जाते, उत्सर्ग सर्वांना. त्यानंतर दाताही ती वस्तू वापरतो तो इतरांपैकी एक म्हणून. घाट त्याच परंपरेत बसतात. बांधणाऱ्याचे नाव राहिले, मालकी पातळ झाली. नागपूर दरबारचे श्रीधर नारायण मुनशी यांनी १८१२च्या सुमारास बांधलेल्या घाटावरची वास्तू १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतली. आज त्या वाड्यात महागडे हॉटेल आहे. वास्तूने हात बदलले, पण तिच्या पायथ्याची पायवाट आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या कोणी विकत घेऊ शकले नाही.

यावर आक्षेप येईल की हे सारे पुण्यासाठी आणि घराण्याच्या मोठेपणासाठी होते. त्यात लोकहित शोधणे म्हणजे आजचा चष्मा कालच्या माणसांच्या नाकावर चढवणे. हेतू तसाच होता, हे मान्य. पण घाटावरचे पुण्य तिथे स्नान करणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. दार बंद केले तर बांधणाऱ्याचेच नुकसान. मोठेपणालाही बघणारे लागतात. म्हणजे स्वार्थच खुलेपणाच्या बाजूने उभा राहिला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘सर्व’ या शब्दात खरोखर सर्व होते का? नव्हते. घाटावरचे पुरोहित म्हणजे घाटिये, नावाडी मल्लाह, चितेची कामे करणारे डोम यांच्या वंशपरंपरागत जागा व कामे ठरलेली होती आणि अस्पृश्यतेची रेघ पाण्यापर्यंत पोचत होती. मात्र महाडचे उदाहरण पाहावे. १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, तरी पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तळे खासगी आहे, हाच विरोधकांचा दावा होता आणि तो १९३७ साली उच्च न्यायालयात टिकला नाही. जागा सार्वजनिक असली की हक्क आपोआप मिळत नाही, हे खरे. पण ती सार्वजनिक असली तरच हक्क मागायला पाय ठेवण्यापुरती जमीन असते.

एक उणीव मात्र त्या परंपरेचीच आहे. एकदा बांधून सोडून दिल्याने काठ टिकत नाही. बायजाबाईंनी १८३०च्या सुमारास बांधवलेला शिंदेघाट स्वतःच्या भाराने खचला. दरवर्षी पूर ओसरला की पायऱ्यांवरचा गाळ हटवावा लागतो, आणि दात्यांची घराणी विरली तेव्हा ते ओझे पालिकेवर व सरकारवर आले. म्हणून जबाबदारी शासनाकडे जाणे योग्यच होते. कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नद्यांसारख्या संपत्तीचे सरकार हे विश्वस्त असल्याचे म्हटले. उत्सर्गाच्या कल्पनेशी याचे नाते जवळचे आहे, फक्त देखभालीची सक्ती त्यात नव्याने आली. आता काशीत नवे बांधकाम मोठ्या प्रमाणावर होते आहे. २०२१ साली विश्वनाथ मंदिर गंगेला थेट जोडले गेले, तर खिडकिया घाटाचा नमो घाट झाला. तिथे वाहनतळ आहे, नावांसाठी सीएनजी आहे. सोयी हव्यातच. पण त्या मोजताना जुन्या बांधणाऱ्यांचा निकष सोडू नये. काही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता, म्हातारे माणूस पायरी-पायरीने पाण्यापर्यंत पोचू शकते का? उत्तर हो असेल तर तो घाट. नाही तर पैसे किंवा परवानगी असलेल्यांनी नदी पाहण्याची जागा, मग ती कितीही देखणी असो.