फॉल्ट म्हणजे काय? जमिनीखाली तो कधी भिंत होतो, कधी पाईप

कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवायचा, या तंत्राला सीसीएस म्हणतात. बातम्यांमध्ये हे नाव तुम्ही वाचलं असेल. पण खाली सोडलेला गॅस खालीच राहील कशावरून? याचं उत्तर बऱ्याचदा तिथल्या फॉल्टवर अवलंबून असतं.

फॉल्ट म्हणजे नेमकं काय?

खडकाला तडा गेला आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकल्या, की तो झाला फॉल्ट. मराठी पुस्तकांत याला 'भ्रंश' म्हणतात. बाजू सरकल्या नसतील, तर ती नुसती भेग.

नकाशावर फॉल्ट एका रेघेसारखा दिसतो, पण प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात. मध्ये घासून पीठ झालेल्या खडकाचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भेगांचा पट्टा.

भिंत की पाईप?

गाभ्यात चिकणमाती जास्त असेल तर गाळणीच्या भोकांत कणीक बसावी तशी खडकाची छिद्रं बुजतात. मग पाणी, तेल किंवा गॅस पलीकडे जाऊ शकत नाही. तेलाचे कितीतरी साठे अशा भिंतीमुळेच लाखो वर्षं टिकले आहेत. बाजूच्या भेगांमधून मात्र वर-खाली जायची वाट मिळू शकते. म्हणजे एकच फॉल्ट आडवा बंद आणि उभा चालू असू शकतो!

भिंत असली तरी अडचण येते. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ मध्ये समुद्रतळाखाली गॅस सोडायला सुरुवात झाली. फॉल्ट आणि वाळूच्या थरांची तुटक रचना यामुळे गॅसला पसरायला जागा कमी पडली. दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये गॅस दुसऱ्या थरात वळवावा लागला.

दाब वाढला की काय होतं?

फॉल्टच्या दोन बाजू आजूबाजूच्या खडकाच्या दाबाने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. भेगांमधल्या द्रवाचा दाब वाढला की ही पकड सैल होते. मग भेगा उघडू शकतात किंवा फॉल्ट सरकू शकतो.

अल्जीरियातल्या इन सालाह इथे २००४ ते २०११ दरम्यान सुमारे ३८ लाख टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडला गेला. वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली गेल्याचं उपग्रहांनी टिपलं. एका विहिरीजवळ खोलवर भेगांचा पट्टा उघडल्याच्या खुणा त्यात दिसल्या.

आपल्याकडे कोयनेत गॅस नाही, पण तत्त्व हेच. धरणात पाणी साठल्यावर तिथे भूकंप वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा विनाशकारी भूकंप झाला. पाण्याचं वजन आणि फॉल्टपर्यंत पोचलेला पाण्याचा दाब यांचा याच्याशी संबंध असल्याचं शास्त्रज्ञ मानतात. त्याच अभ्यासासाठी तिथे सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर घेतली आहे.

मग इंजिनिअर काय करतात?

आधी ध्वनिलहरींनी जमिनीखालचा थ्रीडी नकाशा काढतात. पण जेमतेम काही मीटर सरकलेले छोटे फॉल्ट त्यात बरेचदा दिसतच नाहीत. म्हणून गॅस सोडताना विहिरीतला दाब, बारीक हादरे आणि जमिनीची हालचाल सतत मोजतात. दाब ठरवलेल्या मर्यादेजवळ आला की गॅस कमी करतात किंवा थांबवतात.

त्यामुळे एखाद्या सीसीएस प्रकल्पाची बातमी आली, तर किती टन गॅस साठवणार एवढंच बघू नका. तिथले फॉल्ट कसे आहेत आणि दाबावर लक्ष कोण ठेवतंय, हेही शोधा.