एसटी तिकीटपद्धती, बीड विभाग

बीड जिल्ह्यातील राज्य परिवहन (एसटी) गाड्यांमध्ये प्रवाशांची चढ-उतार व भाडेवसुली करण्याची रीत आणि तिचा वेग वाढवण्यासाठी झालेले बदल. जिल्ह्यात नगरपालिकांची बससेवा नाही; शहरांतर्गत वाहतूक बहुतांशी रिक्षांवर चालते. बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, धारूर, पाटोदा व आष्टी ही आठ आगारे. बीड शहरात रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी आली, तोवर मदार एसटीवरच होती.

पूर्वेतिहास : मराठवाड्यातील सेवा मुळात निझामी राजवटीतील रस्ते वाहतूक खात्याची (स्थापना 1932); 1961 मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आली.

ट्रे व चिमटा : निरनिराळ्या किमतींच्या छापील तिकिटांचे गठ्ठे वाहकाच्या ट्रेमध्ये ओळीने लावलेले असत. भाडे 17 रुपये असले तर दोन-तीन तिकिटे फाडून, चिमट्याने टप्प्याच्या आकड्यावर छिद्र पाडून द्यायची. टप्पा बदलला की प्रत्येक गठ्ठ्याचा चालू क्रमांक वेबिलात (फेरीच्या हिशेबपत्रकात) उतरवावा लागे. गाडी भरलेली असेल तर हिशेब जुळेपर्यंत वाहक ती पुढच्या थांब्याआधीच रस्त्याकडेला उभी करवी. चिमट्याची टकटक ऐकून झोपलेला प्रवासीही खिसा चाचपू लागे.

यंत्रे : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस तिकीटयंत्रे येऊ लागली व वेबिलाचे काम त्यांनी उचलले. वाचलेला वेळ सवलतींनी परत घेतला, असे काहींचे म्हणणे. 75 वर्षांवरील व्यक्तींचा प्रवास मोफत झाला (ऑगस्ट 2022), महिलांना अर्धे तिकीट (17 मार्च 2023), आणि वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र पाहणे आले. शून्य रुपयांचे तिकीटही फाडावेच लागते.

सुट्टे पैसे : जानेवारी 2025 च्या 14.95 टक्के भाडेवाढीनंतर 11, 16 असे दर आले आणि वाहकाशी वाद वाढले. तिकिटामागे बाकी लिहून ‘उतरताना घ्या’ म्हणण्याची जुनी रीत अजून आहे. उतरण्याच्या घाईत ती बाकी राहून जाते, किंवा तिच्यासाठी गाडी थांबते. क्यूआर कोडवर पैसे घेण्याची सोय यंत्रांत आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ती रेंजवर अवलंबून. रोकड टाळण्याचे उपाय अन्यत्र झाले आहेत : मुंबईत बेस्टच्या बससेवेने एप्रिल 2022 मध्ये चढताना-उतरताना कार्ड टेकवण्याची पद्धत आणली, लंडनच्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोकड घेतली जात नाही.

चढ-उतार : दार एकच. उतरणाऱ्यांआधी चढणारे घुसतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते. परळीच्या महाशिवरात्रीच्या गर्दीसाठी जादा गाड्या सुटतात. विनावाहक गाडीचे तिकीट स्थानकावरच फाडले जात असल्याने वाटेत वेळ जात नाही. मधल्या थांब्यावरच्या प्रवाशाला मात्र तिचा उपयोग नाही.