फक्कीचं वर्तुळ

आठवीच्या स्नेहसंमेलनात आपण बसवलेली ‘खडूचं वर्तुळ’ कुणाकुणाला आठवते? निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, ‘चिनी लोककथेवर आधारित, सहकुटुंब पाहावी अशी संगीत नाटिका’. मी वर्गात सगळ्यात बुटका, म्हणून त्यातलं मूल मी. मला एकही वाक्य नव्हतं. वर्तुळात उभं राहायचं आणि दोन आयांनी दोन्हीकडून ओढायचं, एवढंच काम. तालमीला पी.टी.च्या सरांकडून कबड्डीच्या मैदानाची फक्की आणली होती. कारण खडूची रेघ शेवटच्या रांगेतून दिसेना.

नोकरीतून मोकळा झाल्यावर या गोष्टीच्या मागे लागलो, तेव्हा कळलं की फक्कीच बरोबर होती. मूळ चिनी नाटकात न्यायाधीश चुन्यानंच रिंगण आखायला सांगतो. ‘खडू’ आला युरोपातल्या भाषांतरांतून.

ते नाटक युआन राजवटीतलं (1271–1368), ली शिंगदाओ याचं. चार अंकी, आणि गाण्यांनी भरलेलं. पण गाणी सगळी एकाच पात्राला! त्या काळच्या चिनी नाटकाचा तसा दंडकच होता, बाकीच्यांनी नुसतं बोलायचं. आपल्या संगीत नाटकाच्या नटांना हे मुळीच मानवलं नसतं. इथे गाते ती हायतांग. गरिबीपायी गाणंबजावणं करणारी ही मुलगी एका श्रीमंताची दुसरी बायको होते, तिला मुलगा होतो. थोरली बायको कचेरीतल्या कारकुनाशी संधान बांधून नवऱ्याला विष घालते, आळ हायतांगवर ढकलते आणि इस्टेटीसाठी मूल माझंच म्हणते. शेजारी आणि सुईणी पैसे खाऊन खोटी साक्ष देतात. हायतांगला मारून मारून कबुली घेतली जाते. शेवटी प्रकरण कायफंगला, बाओ चंग याच्यापुढे येतं. हा खरा माणूस, सोंग राजवटीतला अधिकारी (999–1062). पुढे नाटकांनी त्याला न्यायाची मूर्तीच करून टाकलं. चिनी रंगभूमीवर तो काळ्या रंगवलेल्या चेहऱ्यानं येतो. तो रिंगणात मूल उभं करतो आणि ओढा म्हणतो. मुलाचा कोवळा हात निखळेल म्हणून हायतांग ओढत नाही. पुन्हा ओढायला लावलं तरी नाही. त्यावरून आई कोण ते ठरतं.

ऐकल्यासारखं वाटतं ना? बायबलात राजा सॉलोमन तलवार मागवतो. आणि आपल्याकडे जातककथांत महोसध जमिनीवर रेघ ओढून मध्ये मूल ठेवतो, यक्षिणीला हात धरायला सांगतो आणि आईला पाय. पाचव्या शतकात चिनी भाषेत आलेल्या एका बौद्ध कथासंग्रहातही दोन आयांची ओढाताण आहे. म्हणजे आपण ‘चिनी’ म्हणून सादर केलेली गोष्ट कदाचित इथूनच तिकडे गेली असावी.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. 1832 साली स्तानिस्लास ज्युलियाँ यानं हे नाटक फ्रेंचमध्ये आणलं. त्याच्या आधीच्या भाषांतरकारांनी चिनी नाटकांतली गाणी सरळ गाळली होती, यानं ती ठेवली. 1925 मध्ये क्लाबुंड या जर्मन कवीनं त्याची गोडगोड प्रेमकथा केली. मला ती फारशी आवडत नाही. मग ब्रेख्त. हिटलरमुळे देश सोडून अमेरिकेत राहत असताना, 1944 मध्ये त्यानं ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ लिहिलं. त्याचा पहिला प्रयोग 1948 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केला. ब्रेख्तच्या स्वतःच्या मंडळीनं तो केला 1954 मध्ये. संमेलनवाल्या पोरांनी यावरून मान ताठ करायला हरकत नाही.

ब्रेख्तनं शेवट उलटा केला. जन्मदाती सुभेदारीण दंगलीत पळताना कपडे आवरत बसते, मूल मागेच राहतं. ग्रुशा नावाची मोलकरीण ते उचलते, पोटाला चिमटा काढून वाढवते. वर्तुळात हात सोडते ती ग्रुशा, आणि मूलही तिलाच मिळतं.

सत्तरच्या दशकात चिं. त्र्यं. खानोलकरांनी हे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठीत आणलं. विजया मेहता आणि वायमारहून आलेले फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ते बसवलं. आपल्या मराठीच्या बाईंनी मुंबईत त्याचा प्रयोग पाहिला होता आणि त्यावरूनच त्यांना आपली नाटिका सुचली होती. म्हणजे त्यांना दुसरा शेवट माहीत होता. तरी आपल्याला त्यांनी जुनाच दिला.

वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक होतं, मी काकूकडे वाढलो. मी दोन वर्षांचा असताना आई आजारी पडली. मला तात्पुरतं काकूकडे ठेवलं, ते तसाच राहिलो. आई बरी झाली, गावी होती, सणावाराला भेटायची. संमेलनाला दोघी आल्या होत्या, चौथ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या. मला बरीच वर्षं वाटत होतं की बाईंनी शेवट बदलला नाही तो माझ्यामुळे. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या घरी गेलो तेव्हा विचारलंच. त्या हसल्या. म्हणाल्या, “अरे, वीस मिनिटं दिली होती हेडसरांनी. त्यात मोलकरणीची सगळी गोष्ट कुठे बसवू?” मग चहा टाकायला उठल्या आणि आतूनच म्हणाल्या, “पण तू म्हणतोस तेही मनात आलं होतं.”

त्या रात्री प्रयोगात थोरलीचं काम करणारीनं जरा जोरातच ओढलं होतं. (ती हे वाचणार आहे. राग नाही.) पडदा पडल्यावर काकू आत आली, शर्टाची बाही वर करून दंड चाचपला आणि खोबरेल मागायला निघून गेली. आई दारातच थांबली होती. तिच्या हातात माझी चप्पल होती, आणि बोटांना फक्की लागली होती.