तीन मिनिटांची मैफल

गेल्या पावसाळ्यांत माळ्यावरचें सामान उतरवितांना एक जाडजूड, कापडी पाठीचें पुस्तक हातीं लागलें. उघडून पाहतों तों त्यांत लिहिलेलें पान एकहि नाहीं. पानांच्या जागीं तपकिरी कागदाचीं पाकिटें, आणि प्रत्येक पाकिटांत एक काळी तबकडी. आमच्या आजीचा हा ‘आल्बम’. आज हा शब्द उच्चारला कीं एकाच गायकाच्या आठ-दहा गाण्यांचा संग्रह मनांत येतो. परंतु संगीताच्या व्यवहारांत तो शिरला अशाच पुस्तकांमुळें. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. म्हणून अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या एकत्र बांधून ठेवीत. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी काढली, तेव्हांपासून वहीची गरज सरत गेली. नांव मात्र राहिलें.

ह्या वहींत बारा तबकड्या आहेत. बालगंधर्वांचीं नाट्यपदें, अब्दुल करीम खांसाहेबांची ठुमरी, हिराबाई बडोदेकरांचें एक पद, केसरबाई केरकरांचा एक ख्याल, आणि जी. एन. जोशी यांनीं गाइलेली ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता. आजी उभ्या जन्मांत एकाहि मैफलीस गेली नव्हती. तिच्या तरुणपणीं आमच्यासारख्या घरांतील बायकांनीं कीर्तनास बसावें, क्वचित् नाटकास जावें, येथवर मजल आली होती. गवयाची बैठक मात्र पुरुषांची. असें असतां झिंझोटी कोणती नि भैरवी कोणती, हें ती आजोबांच्या आधीं सांगे. ही विद्या तिला ह्या काळ्या चकत्यांनीं दिली. तेव्हां तबकडीनें आपल्या संगीतास काय दिलें व त्याच्याकडून काय घेतलें, याचा हिशेब एकदां मांडून पाहावा असें मनांत आलें.

हिंदुस्थानांतील ह्या व्यवहाराचा खरा आरंभ १९०२ सालचा. त्या वर्षीं नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे तज्ज्ञ फ्रेड गैस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. गाणारानें कर्ण्याजवळ तोंड नेऊन मोठ्यानें गावयाचें, आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाशीं असलेल्या सुईनें तो कंप मेणांत कोरावयाचा, अशी तेव्हांची रीत. गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव पुकारीत. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनींतील हानोव्हर येथें, आणि गाणें कोणाचें हें तेथील कारागिरांस कळणें अवश्य होतें. तबकडीचा मुख्य घटक लाख. ती छोटा नागपुरासारख्या प्रदेशांतील रानांतून परदेशीं जाई, आणि आपल्याच गवयांचा आवाज घेऊन परत येई. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला, तेव्हां हा फेरा चुकला. पुढें विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें आणि कर्ण्यांत ओरडण्याचें कारणहि उरलें नाहीं.

परंतु तीन मिनिटांची मर्यादा तशीच राहिली. ख्याल गाणारा गवई एक राग तासभर उलगडतो. षड्जावर स्थिर होऊन एकेक स्वर जोडीत जाणें, समेची ओढ लावणें, श्रोत्यास ताटकळत ठेवून अखेर तृप्त करणें, हा सारा विस्तार तीन मिनिटांत बसविणें म्हणजे कादंबरीची हकीकत पोस्टकार्डावर लिहिण्यासारखें. भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे व मास्तर कृष्णरावांचे गुरु, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. ते १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या गळ्याची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. जयपूर घराण्याचे अध्वर्यु अल्लादिया खांसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाहि आवाज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. कारणें कांहींहि असोत, आपली कला तुकडे करून देण्यास जो तयार नसेल त्यास दोष कसा द्यावा? तथापि परिणाम असा कीं, भास्करबुवा आपणांस शिष्यांच्या आठवणींतून वाचावे लागतात.

ज्यांनीं ही मर्यादा पत्करली त्यांचें काय झालें? अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या सुरांतील आर्तता मात्र आजहि पहिल्या अर्ध्या मिनिटांतच मनाची पकड घेते. त्यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून एक मुलगा वेडावला, आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, गुरूच्या शोधार्थ घरांतून निघून गेला. तेच पुढें पंडित भीमसेन जोशी. इकडे मराठी भावगीत ह्याच तीन मिनिटांच्या मापांत वाढलें. ख्यालास जो पिंजरा झाला तो भावगीतास पाळणा ठरला.

तथापि तबकडीवर भाळून एक गोष्ट विसरूं नये. तबकडी ही साक्ष आहे, चरित्र नव्हे. तीन मिनिटांत जें बसलें तेवढाच तो गवई, अशी आपली समजूत होते. आणि ज्यांची साक्षच नाहीं ते गवई हळूहळू केवळ नांवें होऊन बसतात. हें दुसरें नुकसान मला अधिक मोठें वाटतें.

दैवाचा खेळ पाहा. अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडींत घालण्यांत आली. व्हॉयेजर-१ हें यान ५ सप्टेंबर रोजीं निघालें; केसरबाई १६ सप्टेंबरला निवर्तल्या. २०१२ सालीं तें यान ताऱ्यांमधील अवकाशांत शिरलें. गुरूचा आवाज पृथ्वीवरहि उरला नाहीं, शिष्येचा सूर्यमालेच्या वेशीकडे चालला आहे.

हीं गाणीं आतां खिशांतल्या फोनवरहि ऐकूं येतात. तेव्हां ती वही रद्दींत द्यावी, असें घरांत निघालें. देण्यापूर्वीं मीं एकेक तबकडी उजेडांत धरून पाहिली. पोलादी सुई प्रत्येक वेळीं खोबण थोडी झिजविते. आजोबांच्या आवडीचीं नाट्यपदें अद्याप काळीं कुळकुळीत आहेत. ठुमरीची तबकडी मात्र झिजून पार करडी पडली आहे, इतकी कीं तिच्यावर आतां खरखरच अधिक ऐकूं येईल. म्हणजे दुपारीं, घर निजलें असतां, चावी देऊन ती कोण लावीत असे, हें उघड आहे. तुला काय आवडतें, असें आजीला कोणीं विचारल्याचें मला आठवत नाहीं. वही रद्दींत गेली नाहीं. मीं ती पुस्तकांच्या कपाटांत ठेवली आहे.