भरायला परत न आलेले सिलिंडर

आत्याने घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला होता. सिलिंडरवर एक्सपायरी डेट असते, ती उलटली असेल तर घरात बाँब आहे असं समजा, वगैरे. असल्या फॉरवर्डांची टर उडवणं हे त्या ग्रुपवरचं माझं नेमून दिलेलं काम आहे. पण उडवण्याआधी खात्री करावी म्हणून ओट्याखाली मोबाइलचा टॉर्च मारला. सिलिंडर उचलायचं जे गोल कडं असतं ते तीन उभ्या पट्ट्यांवर बसवलेलं असतं. त्यातल्या एका पट्टीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलं होतं : बी-२४.

ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. मी बघत होतो तेव्हा २०२४चा सप्टेंबर चालू होता आणि सिलिंडर आमच्याकडे येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते.

फॉरवर्ड तसा अर्धा चूक होता. गॅस शिळा होत नाही, आणि ती तारीख सिलिंडरच्या मरणाची नसते, परीक्षेची असते. नवा घरगुती सिलिंडर दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासायचा, असा नियम. उरलेला अर्धा मात्र बरोबर होता. परीक्षेची तारीख उलटलेला सिलिंडर भरायचाच नसतो. आमचा भरला गेला होता. गॅस घेऊन येणारा मुलगा म्हणाला, "साहेब, गॅस काय नासतो का?" पण वाद न घालता त्याने बदलून दिला.

या नियमाचं मूळ शोधत गेलो तर सगळ्यात आधी भेटला १८८४चा स्फोटकांचा कायदा. इंग्रज सरकारने तो केला तेव्हा डोळ्यासमोर बंदुकीची दारू होती, डायनामाइट होतं. दाबलेला वायू पोलादी नळकांड्यात भरून विकायचा धंदा तेव्हा इंग्लंडातही नुकता उभा राहत होता. तिकडे सिलिंडर फुटायला लागले, तशी १८९५ साली ब्रिटिश गृहखात्याने चौकशीसाठी समिती नेमली. आपल्याकडे वेगळा कायदा करायची तसदी कोणी घेतली नाही. जुन्या कायद्यात एक सोय होती : सरकारला वाटेल तो घातक पदार्थ अधिसूचना काढून 'स्फोटक' ठरवता येतो. ती वापरून २८ सप्टेंबर १९३८ रोजी जाहीर झालं, की धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रवरूपात भरलेला कोणताही वायू हे स्फोटक मानलं जाईल. (नवा क्लास न लिहिता जुन्यालाच इनहेरिट करून मोकळं होणं ही फक्त आमच्या धंद्यातली खोड नाही तर.) त्या आधारावर १९४०चे गॅस सिलिंडर नियम आले. पुढे १९८१, २००४ आणि २०१६मध्ये ते नव्याने लिहिले गेले. आज ही सगळी जबाबदारी 'पेसो'कडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे आणि तिचं मुख्यालय आहे नागपुरात.

परीक्षा कशी घेतात ते वाचून मी खूश झालो होतो. ऑक्सिजनचा सिलिंडर साधारण दीडशे किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाने भरतात. परीक्षेत तो अडीचशेपर्यंत नेतात, पण पाण्याने. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे सिलिंडर फाटलाच तर गॅससारखा स्फोट होत नाही. पाण्याने भरलेला सिलिंडर पाण्याच्याच दुसऱ्या बंद भांड्यात ठेवतात. आत दाब चढवला की पोलाद किंचित फुगतं आणि बाहेरचं पाणी तेवढंच मापनळीत वर सरकतं. दाब काढला की ते खाली येतं. पुरतं मात्र येत नाही. जेवढं वर राहिलं तेवढं पोलाद कायमचं ताणलं गेलं. हा कायमचा ताण एकूण ताणाच्या १० टक्क्यांहून जास्त निघाला की सिलिंडर नापास. गंजून मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं तरी नापास. आणि नापास सिलिंडर नुसता बाजूला ठेवायचा नाही. तो पुन्हा कोणाला वापरता येऊ नये म्हणून कापून तुकडे करायचे किंवा तापवून चेपायचा.

आता हे सगळं अमलात कोण आणतं? देशातल्या घराघरात, दवाखान्यात, वेल्डिंगच्या दुकानात निरीक्षक जाऊ शकत नाही. म्हणून नियम एकाच दारावर उभा आहे : भरणारा. परीक्षा झाली नसेल तर भरू नका. रिकामा सिलिंडर कधी ना कधी भरायला येणारच, यावर सगळी भिस्त. मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. सगळीकडे पहारे बसवण्यापेक्षा ज्या एका फाटकातून जाणं भागच आहे तिथे एक माणूस.

मग शिवडी वाचलं. १९९७मध्ये आयात झालेले क्लोरीनचे शंभराहून जास्त सिलिंडर मुंबई बंदराच्या हाजी बंदरवर पडून होते. कोणी सोडवून नेले नाहीत, म्हणजे ते रिकामे होण्याचा आणि भरायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. ते त्या एका फाटकाशी कधी गेलेच नाहीत. शेजारी समुद्र, वर मुंबईचा पाऊस. कोरडा क्लोरीन पोलादाला फारसं काही करत नाही; ओल लागली की आम्ल होतं आणि तेच पोलाद खातं. १४ जुलै २०१० रोजी पहाटे गळती सुरू झाली. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, तो वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरतो. शंभराहून जास्त माणसांना बाधा झाली. त्यांत विद्यार्थी होते, मजूर होते, गळती थांबवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते.

क्लोरीनच्या सिलिंडरची परीक्षा दर दोन वर्षांनी असते. वापरात असते, भरायला येत राहिले असते, तर त्या तेरा वर्षांत ते सहा वेळा तपासले गेले असते. वापरात नव्हते म्हणून एकदाही नाही. सगळ्यात धोकादायक सिलिंडर तोच, ज्याची कोणालाच गरज उरलेली नाही, आणि नेमका त्याच्याशी या नियमाची गाठ पडत नाही. कोडमध्ये असं सापडलं की आम्ही एज केस म्हणतो आणि पुढच्या स्प्रिंटवर ढकलतो.

आमच्या घरचं उदाहरण याच्या उलटं आहे. तिथे सिलिंडर फाटकातून गेला होता, पण फाटकावरचा माणूस पट्टीकडे बघायचा राहिला. पुढच्या वेळी तो मुलगा आला तेव्हा मी विचारलं, मागचा बी-२४वाला भरलेला सिलिंडर परत नेलास, त्याचं काय केलंस?

"गोडाऊनला ठेवला होता," तो म्हणाला. "नंतर गेला असेल कुठेतरी."

नवीन सिलिंडर त्याने खांद्यावरून उतरवला. सही करायच्या आधी मी टॉर्च काढला. तो तोवर थांबला, जरा हसत.