उकंडा ते हौद : पुसदच्या खताची गोष्ट



आजचा विषय आहे उकंडा. पुस्तकात त्याला उकिरडा म्हणतात, आपण उकंडा म्हणतो. अंगण झाडून निघालेला पालापाचोळा, गोठ्यातलं शेण, जनावरांच्या पायाखाली तुडवलेलं कुटार, चुलीतली राख, भाजीची देठं, सालपटं, गायीनंही तोंड लावलं नाही असं उष्टं-खरकटं, हे सगळं टोपल्यात भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि घरामागच्या उकंड्यावर नेऊन टाकायचं. आपल्या आज्यांनी हे रोज केलं. उन्हाळा सरता सरता उकंडा उपसायचा, बंडीनं वावरात न्यायचा आणि पहिल्या पावसाआधी पसरायचा. दिवाळीत उकंड्यावरही एक पणती ठेवायची रीत कितीतरी घरांत होती. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण तर आपण येताजाता वापरतो.

म्हणून घराघरातून ओला कचरा गोळा करायची पद्धत आता नव्यानं आली, असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं माना. गोळा करणं होतंच. करणारीला पगार नव्हता आणि तिच्या कामाला नाव नव्हतं. खत वावरात गेलं की ते वावराच्या मालकाचं व्हायचं. जिला स्वतःचं वावर नव्हतं, ती दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढायची आणि खत त्या दुसऱ्याच्या शेतात जायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी मी इथेच परत येणार आहे.

उकंड्याकडे शास्त्राच्या नजरेनं बघितलं गेलं ते सुमारे शंभर वर्षांपूर्वी, होळकरांच्या इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ पासून तिथल्या संस्थेत काम करत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतीशास्त्रज्ञ. दोघांनी हिंदुस्थानात कित्येक वर्षं बरोबरीनं काम केलं, पण १९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या आणि पुढे नाव झालं ते नवऱ्याचं. हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्याला अडाणी म्हटलं नाही, उलट त्याच्याकडून शिकले. पण उघड्या उकंड्यात एक खोट त्यांना दिसली. उन्हानं तो वाळतो, पावसात त्यातला कस वाहून जातो, आणि मधला भाग हवा न मिळाल्यानं नुसता सडतो. म्हणून त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि राख यांचे थर रचले, ओल राखली आणि ढीग ठरलेल्या दिवशी खालीवर केला. तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाती आलं. हीच ती इंदूर पद्धत. १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं, आणि त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीनं यशवंत वाड हे एक मराठी नाव आहे.

इंदूरहून ही गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, वर्ध्याला आली. १९३५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी इंदूरला गेले होते, तेव्हा त्यांनी ती संस्था पाहिली. त्या काळात ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत. ग्रामोद्योग संघाचं काम तिथूनच चाले आणि कुमारप्पा ते सांभाळत. त्याच वर्षी त्यांच्या 'हरिजन' साप्ताहिकात इंदूर पद्धतीच्या खताची माहिती छापून आली. मगनवाडीची माणसं जवळच्या सिंदी गावात रोज सकाळी बादली-झाडू घेऊन जात आणि रस्त्यावरची घाण उचलत. त्यात महादेवभाई देसाई होते, मीराबेन होत्या. गाव काही लगेच सुधारलं नाही.

सिंदीबद्दल वाचते तेव्हा मला एक गोष्ट नेहमी खटकते. बाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या माणसांनी घाण उचलली तर तो त्याग ठरला. तीच घाण पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या माथी जातीनं मारली होती, त्यांच्या कामाला कुणी त्याग म्हटलं नाही. गांधीजींना हे कळत होतं, म्हणूनच ते सगळ्यांच्या हाती झाडू देत होते. पण गावात कचरा उचलायचं काम निघालं की ते कुणाकडे जाईल, हे आजही बहुतेक गावांत आधीच ठरल्यासारखं असतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पुसदला ना. दे. पांढरीपांडे नावाचे गांधीविचाराचे शेतकरी होऊन गेले. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. त्यांच्या नावाची आद्याक्षरं इंग्रजीत लिहून पुन्हा मराठीत वाचली की 'नाडेप' होतं, आणि त्याच नावानं त्यांची खताची पद्धत देशभर गेली. मध्य प्रदेशातल्या खेड्यांतही 'नाडेप' म्हटलं की हौद डोळ्यांसमोर येतो. तो पुसदचा आहे हे मात्र पुसदच्या शेजारगावातही सगळ्यांना ठाऊक असेल असं नाही.

नाडेपकाकांनी काय बदललं, ते स्वयंपाकाच्या कृतीसारखं सांगते. इंदूर पद्धतीत ढीग पुन्हा पुन्हा खालीवर करावा लागे. ते कंबर मोडणारं काम, शिवाय त्याला शेणही बरंच लागे. नाडेपचा हौद जमिनीच्या वर बांधतात, म्हणजे पावसाळ्यात पाणी भरत नाही. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत विटांची, पण विटांच्या मधेमधे खिडक्या सोडलेल्या. त्यातून हवा आत खेळते, म्हणून ढीग खालीवर करायची गरज पडत नाही. विटा परवडत नसतील तर तुराट्यांच्या कुडाचा हौदही चालतो.

भरायला लागतं काय? काडीकचरा आणि पालापाचोळा १४०० ते १५०० किलो, शेण फक्त ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती सुमारे १७५० किलो, आणि ऋतू बघून १५०० ते २००० लिटर पाणी. आधी हौदाच्या भिंती आणि तळ शेणकाल्यानं ओले करायचे. मग सहा इंच कचऱ्याचा थर. त्यावर चारेक किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपायचं. त्यावर ५०-६० किलो माती पसरायची. असे थरावर थर रचत हौदाच्या काठावर दीड फूट येईतो जायचं, आणि झोपडीच्या छपरासारखा आकार देऊन शेणमातीनं लिंपून घ्यायचं. पंधरा-वीस दिवसांत आतला ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो. मग पुन्हा वर थर चढवायचे आणि पुन्हा लिंपायचं. भेग पडली तर लगेच बुजवायची, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचं. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं, एका हौदातून साधारण तीन टन.

शेणाचा आकडा पुन्हा बघा. शंभर किलो. ज्या घरी एकच गाय आहे, त्या घरालाही हे जमण्यासारखं आहे. आपल्या जिल्ह्यात दारातली जनावरं कमी होत गेली, बैलाऐवजी ट्रॅक्टर आला, युरियाची थैली आली, आणि शेणखत नाही म्हणून काळ्या रानाचा कस गेला, अशी तक्रार आपण सगळ्याच करतो. कमी जनावरांच्या गावासाठी ही पद्धत मोलाची आहे ती याच कारणानं.

पण या कृतीत एक अट आहे आणि ती बहुतेक माहितीपत्रकांत एका ओळीत उरकलेली असते. हौद एकदा भरायला घेतला की एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून लिंपून टाकावा लागतो. रोज टोपलंभर टाकून तो भरत नाही. म्हणजे दीड टन कचरा आधी जमवून ठेवायला हवा. एका घरात रोजचा ओला कचरा समजा किलोभर निघाला, तर तेवढा जमवायला चार वर्षं लागतील. पण आळीतली तीस घरं एकत्र आली, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं सुकवून ठेवलं, त्यात अंगणातला पाला, बांधावरचं तण, तोडून बारीक केलेली पऱ्हाटी घातली, तर एका हंगामात हौद सहज भरतो. हौद एकट्या घराचा नाही, आळीचा आहे, हे त्याच्या मापातच लिहिलेलं आहे. रोजगार हमीच्या कामांच्या यादीत नाडेप आलं तेव्हा गावोगाव हौद बांधले गेले. पण गोळा करायची व्यवस्था कुणी बांधली नाही, आणि मग कितीतरी हौदांत बोरी-बाभळी उगवल्या किंवा कोंबड्या बसल्या.

दुसरी अडचण नंतर आली. आज्यांच्या उकंड्यात टाकलेलं सगळं मातीत मिसळायचं. आता त्यात शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि फुटक्या काचा असतात. एकदा हे मिसळलं की ते वेगळं करता येत नाही, आणि ते खत वावरात टाकलं तर निंदताना हात कापतो. म्हणून कचरा जिथे निघतो तिथेच, म्हणजे चुलीजवळच, दोन भांड्यांत वेगळा व्हायला हवा. २०१६ साली केंद्र सरकारनं घनकचऱ्याचे जे नियम केले त्यांत ओला, सुका आणि घातक अशी वर्गवारी घराघरात करायला सांगितलं. वापरलेले पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून द्यायचे, हेही त्यात होतं. हे नियम मुख्यतः शहरांसाठी होते. गावांकडे हा विषय २०२० नंतर स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जोरानं आला.

त्याआधी आपल्याकडे गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान झालं, २०००-०१ पासून. बाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्या अभियानानं गावं चकचकीत झाली, बायाही मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या, हे मान्यच करायला हवं. पण माझं मत सांगते, स्पर्धेत तपासणीचा दिवस मोठा झाला. झाडलेला कचरा गावाच्या वेशीबाहेर गेला की काम संपलं, असं पुष्कळ ठिकाणी झालं. पुढे तो कुजला की पेटवला, हे कुणी विचारलं नाही.

कचरा गोळा करणाऱ्या बायांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवला, तो पुण्यात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुष्कळ दलित कुटुंबं पोट भरायला पुण्याला गेली. त्यातल्या कितीतरी बाया रस्त्यावरच्या कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या त्यांच्याकडे प्रौढ शिक्षणासाठी गेल्या. बोलता बोलता बायांची खरी गरज कळली. कचरा कुंडीतून उपसण्याऐवजी लोकांच्या दारातूनच वेगळा मिळाला, तर हात कापणार नाहीत, कुत्री मागे लागणार नाहीत आणि भंगाराला भाव बरा येईल. १९९३ साली बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यांना ओळखपत्रं मिळाली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिनं पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेणं हे आता त्यांचं काम ठरलं. घरटी दर महिन्याला शुल्क, आणि सुका कचरा विकून येणारा पैसाही त्यांचा.

शहराची नक्कल गावानं करावी असं मी म्हणत नाही. पुण्यात सुक्या भंगाराला मोल आहे, आपल्याकडे मोल ओल्याला आहे, कारण वावर आपल्या दाराशी आहे. पण पुण्याच्या बायांनी एक गोष्ट आधी ठरवून घेतली: उचलणारीचा हक्क कशावर. आपल्याकडे घंटागाडी येते, हौद बांधला जातो, फलक लागतो, फोटो निघतो, आणि हे ठरवायचं राहून जातं. मग काय होतं? त्याच एका वस्तीतल्या दोन बायांना तुटपुंज्या मानधनावर ठेवतात. हातमोजे एकदाच मिळतात. तीन टन खत निघालं तर ते कुणाच्या ट्रॉलीत गेलं, हे त्यांना विचारलंही जात नाही. आजीच्या टोपल्याचंच दुसरं रूप झालं हे.

तुमच्या गटाला किंवा ग्रामसंघाला हे काम घ्यायचं असेल, तर हौदाच्या विटा येण्याआधी ग्रामसभेच्या ठरावात चार गोष्टी लिहून घ्या. कचरा कोण उचलणार आणि तिला महिन्याला किती, हे एक. हातमोजे, गमबूट आणि ढकलगाडी कोणत्या पैशातून, हे दुसरं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, तेव्हा आपल्या गावात तो कुठे खर्च झाला तेही त्याच सभेत विचारा. तिसरं, खताची विक्री कुणाच्या नावावर आणि भाव काय. आणि ज्या बाईला वावर नाही, तिला खताच्या वाट्याऐवजी पैसे मिळणार का, हे चौथं. हे चौथं कुणी आपणहून बोलणार नाही, तुम्हालाच काढावं लागेल.

अंगणातल्या कडुलिंबाची पानगळ माघ-फाल्गुनात असते आणि त्याच सुमारास पऱ्हाटीही उपटून होते, म्हणजे हौद भरायचा हंगाम तोच. त्याआधी २ ऑक्टोबरची ग्रामसभा आहे, आणि ती हुकली तर २६ जानेवारीची.