बंदुकीच्या मैदानावर उभे राहिलेले नृत्यगृह: टेक्सासमधील जर्मन खेड्यांचा इतिहास

१/८
अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॅट स्प्रिंग नावाचे एक लहानसे खेडे आहे. १९०२ मध्ये योआखिम हिंट्स या कारागिराने तेथे एक भव्य, बहुकोनी, जवळजवळ वर्तुळाकार लाकडी सभागृह उभारले. ते एखाद्या धनिकाच्या हौसेखातर बांधले गेले नव्हते. ते बांधून घेतले होते १८५६ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या मंडळाने. कष्टकरी शेतकऱ्यांना नृत्यगृह का हवे होते?

२/८
या प्रश्नाचे उत्तर मध्ययुगीन जर्मनीत सापडते. तेथील नगरांमध्ये तटबंदीच्या रक्षणासाठी नागरिकांचे नेमबाज संघ असत. पुढे खड्या सैन्यामुळे त्यांचे लष्करी प्रयोजन संपले. पण वार्षिक स्पर्धा, मिरवणूक आणि मेजवानी टिकून राहिली. लाकडी पक्ष्यावर नेम धरायचा, जिंकणारा वर्षभरासाठी ‘नेमबाजांचा राजा’ व्हायचा. त्याच्या सन्मानार्थ रात्री नृत्य होई. बंदूक आणि नृत्य यांची सांगड अशी जुनी आहे.

३/८
१८४२ मध्ये काही जर्मन सरदारांनी टेक्सासमध्ये वसाहती वसवण्यासाठी एक संस्था काढली. तिच्यामार्फत सात हजारांहून अधिक लोक समुद्र ओलांडून गेले. किनाऱ्यावर ना पुरेसा निवारा होता, ना पुढे जाण्यासाठी गाड्या; रोगराईने शेकडो माणसे दगावली. या वसाहतकऱ्यांनी १८४५ मध्ये न्यू ब्राऊनफेल्स आणि १८४६ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग वसवले.

४/८
पोटापाण्याची घडी नीट बसते न बसते, तोच १८४९ मध्ये न्यू ब्राऊनफेल्समध्ये नेमबाजी मंडळ स्थापन झाले. त्यामागोमाग गायन मंडळे, व्यायाम मंडळे आणि शेतकरी मंडळे निघाली. ॲनहाल्ट येथील शेतकरी मंडळ १८७५ मध्ये गुरांच्या चोरीला आळा घालण्यासाठी एकत्र आले. सरकार दूर होते. जे हवे ते शेजाऱ्यांनीच उभे करायचे होते.

५/८
मंडळ आले की सभेसाठी छप्पर आले आणि छप्पर आले की नृत्य आले. भिंतींच्या मोठ्या झडपा वर उचलून वारा आत घेतला जाई. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर येई. पेंगुळलेल्या मुलांना गोधड्यांवर निजवून आईवडील पोल्का आणि वॉल्ट्झ नाचत. विखुरलेल्या शेतांवर राहणाऱ्या तरुणतरुणींच्या सोयरिकी जुळण्याचे ठिकाणही हेच. मात्र हे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. त्या काळच्या वर्णभेदी टेक्सासमध्ये कृष्णवर्णीयांना आणि मेक्सिकन वंशीयांना येथे सहसा प्रवेश नसे.

६/८
१९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि ज्या भाषेत ही मंडळे श्वास घेत होती, तीच भाषा संशयास्पद ठरली. १९१८ मध्ये टेक्सासने राजनिष्ठेचा कठोर कायदा केला. शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचा दंडकही आला. १९१९ मध्ये गव्हर्नर विल्यम हॉबी यांनी टेक्सास विद्यापीठाच्या जर्मन विभागाची तरतूद नकाराधिकाराने रद्द केली. पाठोपाठ दारूबंदी आली आणि सणाच्या पंगतीतून बिअरही हद्दपार झाली.

७/८
तरीही अनेक सभागृहे तगली, कारण नृत्याला भाषेची सक्ती नव्हती. जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांची ॲकॉर्डियन व पोल्का मेक्सिकन वंशीय वादकांनी आत्मसात केली आणि त्यांच्या ‘कोंहुंतो’ संगीतात ती आजही ऐकू येते. जुन्या नृत्यगृहांत पुढे इंग्रजी कंट्री गाणी घुमू लागली. १८७८ च्या ‘ग्रीन हॉल’चे गाव बोंडअळी आणि महामंदीने ओस पडले, पण ते सभागृह पाडले गेले नाही, तेथे आजही लोक नाचतात.

८/८
फ्रेडरिक्सबर्गच्या परिसरातील नेमबाजी मंडळे आजही दरवर्षी आपला ‘राजा’ निवडतात. टेक्सासची जर्मन बोली मात्र आता मोजक्या वृद्धांच्या ओठांवर उरली आहे. तिचे ध्वनिमुद्रण २००१ पासून प्राध्यापक हान्स बोआस करीत आहेत. त्यांचे विद्यापीठ कोणते? १९१९ मध्ये ज्याच्या जर्मन विभागाचा निधी रोखला गेला, तेच टेक्सास विद्यापीठ. लाकडी छप्पर शंभर वर्षे टिकले. त्याखाली बोलली जाणारी भाषा टिकवण्यासाठी आता ध्वनिमुद्रिकांचा आधार घ्यावा लागत आहे.